ठणठणकाकांनी कापलेली जीप

जीपला भोक मी पाडलं. धाकट्या बहिणीला गाडी द्यायची तर निदान धुऊन द्यावी, एवढाच माझा सद्हेतू. शेजाऱ्याचा पाण्याचा पंप आणला, मागच्या चाकावरच्या चिखलावर धार धरली आणि चिखलाबरोबर जीपही निघाली. बशीएवढा तुकडा पायाशी पडला. वर रंग, खाली खड्डे बुजवायच्या लगद्याची, म्हणजे पुटीची, बोटभर थर आणि तिच्या आत कुणीतरी कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. पत्रा गंजून कधीच गेला होता. इतकी वर्षं मी रंगालाच गाडी समजत होतो.

शहाण्या माणसाने बहिणीला खरं सांगितलं असतं. मी बोळा परत कोंबला, वर चिकटपट्टी लावली, पट्टीला हिरवा रंग फासला आणि गॅरेजच्या मालकाला फोन केला, "किरकोळ आहे हो. जरा पुटी मारा, रंग मारा. उद्या सकाळी बहीण गाडी न्यायला येतेय."

बहीण गुरांची डॉक्टर. दिवसभर दगडधोंड्यांच्या रस्त्यांवर फिरते आणि शाळा सुटली की मागच्या सीटवर तिच्या दोन मुली असतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर लाज वाटते.

"संध्याकाळी घेऊन जा," मालक म्हणाला. पण पत्र्याचं काम मालक करत नाही, ठणठणकाका करतात.

काका म्हणजे मालकाचे सख्खे काका. गॅरेज दोघा भावांनी काढलेलं. थोरला इंजिनं उघडायचा, धाकटा पत्रा ठोकायचा. थोरला गेला, त्याच्या मुलाने काचेची केबिन बांधली आणि काका आपल्याच गॅरेजात नोकर झाले. बेचाळीस वर्षं झाली, दिसेल त्या लोखंडावर ते हातोडी वाजवून बघतात. धड पत्रा ठण्ण बोलतो, पुटी भरलेला नुसता भद् करतो. काकू सांगतात, "लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तर आधी कपाट वाजवलं. माझ्याकडे नंतर बघितलं. आणि कपाटाला नावं ठेवली ती वेगळीच!"

काका रागावतात असं म्हणणं चूक आहे. ते रागातच असतात, मधे फक्त जेवायला थांबतात.

त्या दिवशी मी जीप गॅरेजात नेली आणि ते तिच्याभोवती फिरू लागले. ठण्ण. ठण्ण. भद्. प्रत्येक भद्ला खडूचा गोल. मागच्या चाकाशी आले आणि आवाजच आला नाही. त्यांनी नखाने पट्टी उचकटली.

"हे कुणी केलं?"

"आधीच्या मालकाने असेल," मी म्हणालो.

काकांनी बोट माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला हिरवा रंग लागला होता. ओला.

"आधीचा मालक आज सकाळी येऊन गेला वाटतं?" आणि मग ते फुटले. "घरात माणूस आजारी पडला, तर त्याच्यावर चादर ओढून पाहुण्यांना चहा पाजतोस काय रे? कुणाला देतोयस ही गाडी?"

"बहिणीला."

"सख्ख्या?"

मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

आवाज ऐकून पुतण्या केबिनबाहेर आला. "काका, गिऱ्हाईकाने सांगितलंय तेवढंच करा. पुटी मारा आणि मोकळे व्हा. तीन गाड्या खोळंबल्यात."

"तुझा बाप पुटीला बोट लावायचा नाही."

"बाबांना मधे आणू नका. गॅरेज आता मी चालवतो. ऐकायचं नसेल तर उद्यापासून घरीच बसा."

काकांनी हातोडी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, मला क्षणभर हायसं वाटलं. तेवढ्यात त्यांनी कटर उचलला.

ठिणग्यांचा फवारा उडाला. पुतण्या "काका! अहो काका!" करत राहिला आणि काकांनी चाकावरचा अख्खा पत्रा, थेट सीटमागच्या तळापर्यंत, कापून खाली पाडला. आता पुटी मारायची म्हटली तरी चिकटणार कशाला? नंतर ते आत वाकले आणि मागच्या सीटचा पट्टा ज्याने आवळलेला असतो, तो बोल्ट त्यांनी हाताने ओढला. पानासुद्धा लागला नाही. गंजक्या पत्र्याच्या चकतीसकट तो बाहेर आला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला.

"हा भाचीचा पट्टा. तिला दे, म्हणावं घट्ट धरून बस."

पुतण्याने बोल्ट पाहिला. चेहरा उतरला त्याचा. पण चार माणसांसमोर उतरला, म्हणून जास्तच चिडला. "सगळ्यांसमोर शोभा केलीत ना माझी? संपलं. उद्यापासून येऊ नका."

"उद्यापासून ना? मग आज मधे बोलू नकोस."

केबिनचं दार असं आपटलं की काच थरथरली. काकांनी ढुंकून पाहिलं नाही. पुठ्ठ्याचा नमुना कापला, त्यावरून नवा पत्रा, मग तो गुडघ्यावर ठोकून गोलाईत आणला. मला पक्कड दिली. मी पत्रा धरायचो, ते वेल्डिंगचा टाका घालायचे. एक इथे, दुसरा लांब तिथे. सलग मारलं तर पत्रा तापून वाकडा होतो. प्रत्येक टाक्याला ते शिव्या पुटपुटत होते. पुतण्याला, माझ्या खानदानाला, तो बोळा कोंबणाऱ्या अनोळखी हाताला. मलाही संताप येत होता. त्या काचेच्या केबिनचा, पण त्याहून जास्त सकाळी ब्रश हातात घेऊन शीळ घालणाऱ्या माझा.

"काका," मी म्हणालो, "माझ्या एका खोटेपणापायी तुमचं बेचाळीस वर्षांचं काम गेलं. मी आता काय करू?"

"पत्रा सरळ धर."