साडेबासष्ट मासे

माझी सून शास्त्रज्ञ आहे असं सांगितलं की बायका आधी अदबीनं माना डोलावतात आणि मग विचारतात, "कशातली हो?" मी म्हणते, "ओढ्यातली." झालं, गेली अदब! एकीनं तर विचारलं, "म्हणजे दिवसभर करते काय?" म्हटलं, "पाण्यात उभी राहते." खोटं नाही ते. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात कमरेपर्यंत येणारे रबरी बूट होते. ते तिनं दाराआड टांगले. आमचा पोस्टमन दोनदा दचकला. त्याला वाटलं, दाराआड कोणीतरी अर्धा माणूस उभा आहे.

फ्रिज उघडावा तर दुधाच्या पातेल्याशेजारी बाटल्या, आणि बाटल्यांत अळ्या.

"दगडाखालच्या आहेत, आई," ती म्हणाली. "त्यांच्यावरून पाण्याची तब्येत कळते."

"आणि त्या दुधाशेजारी ठेवल्या की माझी बिघडते, त्याचं काय?"

बाटल्या एक कप्पा खाली गेल्या. आमची भांडणं अशी एकेका कप्प्याची असतात. मला राग आला की मी बोलते. तिला राग आला की ती पुसते. ओटा पुसते, खिडक्या पुसते, तोंडातून ब्र काढत नाही. त्यामुळे घर स्वच्छ दिसलं की मला धडकी भरते.

तिचा ओढा म्हणजे लाँड्रीच्या मागे वाहतो तो. वर छोटा लोखंडी पूल, दोन्ही काठांना झाडं. त्यात बोटभर लांबीचा, अंगावर काळी रेघ असलेला मासा आहे. पूर्वी आसपासच्या सगळ्या ओढ्यांत होता, आता एवढ्याच ओढ्यात उरलाय. सूनबाई आठ वर्षं त्याच्या मागे आहे. माझ्या मुलाच्या मागे ती आठ दिवसही नव्हती, त्यानंच पायताणं झिजवली. असो. तर नगरपालिकेच्या मनात आलं की हा ओढा पाइपात घालावा आणि वर गाड्या उभ्या कराव्यात. सुनावणी ठरली. मासे भरपूर आहेत आणि ते इथेच वाढतात हे सूनबाईनं दाखवलं तर ओढा वाचणार. नाही तर पाइप.

नेमका त्याच वेळी तिचा मदतनीस दुसरीकडे नोकरीला गेला. "आई, सकाळी पुलावर जाऊन पाण्याचं तापमान लिहाल?" तिनं विचारलं. मी चाळीस वर्षं कपडे शिवले. आता डोळे सुईत दोरा जाऊ देत नाहीत, पण थर्मामीटर वाचता येतो. मी टुणकन हो म्हटलं. तिनं एकच ताकीद दिली, "पाण्यात काही टाकायचं नाही."

मासे मोजायचे कसे, ते तिनं मला माझ्याच बटणांच्या डब्यावर शिकवलं. वीस बटणं काढली, त्यांना लाल धागा बांधला, परत टाकली, डबा खळाखळा हलवला आणि न बघता पुन्हा वीस काढली. त्यात धाग्याची निघाली दोन. "दहात एक," ती म्हणाली. "म्हणजे धाग्याची वीस हा दहावा हिस्सा. डब्यात साधारण दोनशे बटणं." मी हट्टानं सगळी मोजली. एकशे शहाण्णव. बाई, मी तोंडात बोट घातलं!

तसंच तिनं पुलाखाली पिंजरे लावून पन्नास मासे धरले, प्रत्येकाच्या कातडीखाली बारीक सुईनं लाल रंगाचा ठिपका भरला आणि सोडून दिले. सुईचा हात तिचा माझ्यापेक्षा साफ, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा पन्नास धरायचे होते.

आता माझं सांगते. रोज सकाळी मी पुलावर एकटी. खाली ते एवढेसे जीव तोंडं उघडून माझ्याकडे बघतात. समोर कोणी उपाशी असलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हा माझा जन्माचा रोग. एक दिवस चिमूटभर शिळा पाव टाकला. चिमटीची मूठ झाली. मग मी पावाचा पत्र्याचा डबाच न्यायला लागले. झाकणावर दोन टिचक्या मारल्या की जमायचे सगळे! त्यांच्यात एक शेपटीचा कोपरा तुटलेला होता. तो सगळ्यात उशिरा यायचा, सगळ्यात मोठा तुकडा घ्यायचा आणि वर फुरंगटून बसायचा. त्याचं नाव मी जावईबापू ठेवलं.

दुसऱ्या मोजणीच्या सकाळी पिंजरे लावून सूनबाई काठावर वही काढत होती. मला वाटलं, बिचारीची मेहनत आहे, पिंजरे भरू देत. तिची पाठ होती तेवढ्यात मी पिंजऱ्यांत थोडा थोडा पाव सोडला आणि हळूच टिचक्या मारल्या. भरले की हो! पन्नास मासे चुटकीसरशी. मला कोण आनंद!

पन्नासांत चाळीस ठिपकेवाले निघाले. तिनं हिशेब केला, पुन्हा केला आणि ओल्या बुटांनिशी स्वयंपाकघरात खाली बसली.

"साडेबासष्ट," ती म्हणाली. "सगळ्या ओढ्यात मिळून साडेबासष्ट मासे."

"तो अर्धा कुठला गं?" मी विचारलं. ती हसली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुम्ही काही टाकलं नव्हतंत ना?"

"छे गं!" मी म्हटलं. चिमूटभर पावाला कोणी टाकणं म्हणतं का? आणि खरं सांगते, पावाचा आणि आकड्याचा संबंध तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलाच नव्हता. माझा मुलगा म्हणाला, "सहाशे लिही ना सरळ. ओढ्यात उतरून मोजणार कोण?" त्या संध्याकाळी तिनं अख्खा फ्रिज पुसून काढला. आकडा मात्र बदलला नाही.

सुनावणीला मी तिच्या शेजारी बसले. बांधकाम खात्याचे साहेब पाइपाचा नकाशा मांडून बसले होते. "बासष्ट मासे?" ते म्हणाले. "अहो, एवढे आमच्या बागेतल्या हौदात मावतील. वर कारंजं देतो!"

"हौदात ते अंडी घालत नाहीत," सूनबाई म्हणाली. "त्यांना वाहतं थंड पाणी आणि तळाची खडी लागते. हौदात हे जगतील, म्हातारे होतील, आणि त्यांच्यामागे कोणी उरणार नाही. आणि मला हा आकडा चुकीचा वाटतो."

"का?"

"ते मला माहीत नाही."

लोक कुजबुजले. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मला एक सांगा, एकदा धरलेला मासा पुन्हा पिंजऱ्यात येईलच कशाला? घाबरेल की!"

"तोच तर घोळ आहे," सूनबाई म्हणाली. "घाबरले तर कमी यायला हवेत. हे उलट धावत आले. जसं काही पिंजऱ्यात त्यांना कोणी जेवायला बोलावलं होतं."

सगळे हसले. माझ्या डोळ्यांपुढे बटणांचा डबा आला, आणि त्यातली धागेवाली बटणं आपण होऊन माझ्या मुठीत चढायला लागली. मूग गिळून बसता आलं असतं. पण शेजारी ती आठ वर्षांची वही मांडीवर घट्ट धरून बसली होती.

मी उठले. "बोलावलं होतं," मी म्हटलं. "मीच. पाव घालून. वर तिच्याशी खोटंही बोलले."

साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. सूनबाई हसली नाही. अध्यक्षबाईंनी तीन महिने दिले. तोवर पाइपाचं काम थांबवायचं. मोजणी पुन्हा, पालिकेच्या कारकुनासमोर, आणि तो आकडा शेवटचा.

चार दिवस आमचं घर आरशासारखं लखलखत होतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "आई, उद्यापासून रोज पुलावर जायचं. डबा वाजवायचा. आणि काही टाकायचं नाही."

"अगं, घरीच बसते ना मी!"

"तुम्ही घरी बसलात तर ते वाट बघत राहतील. डबा वाजला आणि काही मिळालं नाही, असं खूपदा झालं की सवय सुटेल."

"हा छळ आहे!"

"कोणाचा?"

मी पावाचा डबा रिकामा करून पिशवीत टाकला.

पहिल्या दिवशी सगळे आले. मी रिकामे हात दाखवले, माशांना हात कळतात अशा थाटात. दुसऱ्या दिवशीही सगळे आले. तिसऱ्या आठवड्यात निम्मे, मग पाच-सहा. दीड महिन्यानंतर फक्त जावईबापू. तो एकटा येऊन तोंड उघडून थांबायचा आणि मी पुलाचा कठडा धरून रडायचे. लाँड्रीवाला विचारायचा, "काकू, कोणी गेलं का?" मी म्हणायचे, "अजून नाही." एकदा तर तुकडा हातात घेतला होता. तसाच परत ठेवला. एकसष्टाव्या दिवशी टिचक्या मारल्या, तर पाणी आपलं वाहत राहिलं. एकही आला नाही. मी वहीत तापमान लिहिलं आणि खाली लिहिलं, शून्य.

नव्या मोजणीला पन्नास माशांना भरलेले ठिपके निळे होते. मी काठावर हात मागे बांधून उभी. दुसऱ्या खेपेला धरलेल्या पन्नासांत निळे निघाले चार. कारकुनानं हिशेब केला, सव्वासहाशे. पोटात अंडी असलेल्या माद्याही त्यात निघाल्या. सूनबाईनं वही मिटली आणि तिथेच, ओल्या बुटांनिशी, मला मिठी मारली. माझा सगळा झगा भिजला. पाइपाचा नकाशा परत गेला. तिच्या अहवालात मात्र एक ओळ आहे, मी वाचली आहे: पहिली मोजणी रद्द, कारण सासूबाई.

त्या पन्नासांतला एक तिनं ओंजळीत धरून कारकुनाला दाखवला होता. "जुना लाल ठिपका. निळा नाही." शेपटीचा कोपरा तुटलेला. मी वाकले, अगदी जवळ गेले. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं हात पाण्यात सोडला आणि तो सटकला. गेला तो झाडाच्या मुळांखाली, इतर मासे जातात तिथेच.

माझ्या खिशात पावाचा तुकडा होता. सवयीनं आणला होता, देणार नव्हतेच. तो घरी आणला आणि चहात बुडवून मीच खाल्ला.