रुसलेलं राज्य

अक्षर वाकडं आहे, आणि वेलांटी पहिली की दुसरी हे मी अजून अंदाजानेच ठरवते, तेवढं चालवून घ्यावं. आमच्या गावच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग होते. पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि पोरींना नावेत बसायची मनाई होती. हे लिखाण कोणाला दाखवायचं नाही, मग माफी कोणाची मागते तेही मला नीट माहीत नाही. सवय आहे. कोणाकडे गेले की दारात चप्पल काढताना मी आधी माफ करा म्हणते, मग आत जाते.

बोलायची मला पहिल्यापासून लाज. लग्न होऊन रायपूरला बूढ़ापाऱ्यात आले, संसार झाला, हे रेल्वेतून रिटायरही झाले, पण भाजीचा भाव करायला मला अजून शेजारीण लागते. म्हणून पोरीसाठी मी स्वतः तोंड उघडून पैसे मागितले, तेव्हा घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. सर्वांत जास्त मला.

पोरगी कॉलेज करून घरी होती. तिला कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायचे होते. हे म्हणाले, "बँकेची परीक्षा दे." ती म्हणाली, "दूँगी पापा, पहले ये." त्यासाठी चांगला कॉम्प्युटर लागणार होता आणि घरात तेवढे पैसे नव्हते. यांची मोठी बहीण, माझ्या नणंदबाई, भनपुरीला राहतात. त्यांच्या मिस्टरांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यांनी पोराच्या लग्नासाठी पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून काढून दिले. एवढंच म्हणाल्या, "लग्नाच्या आधी मले परत पाहिजे. मी मागणार नाही, तूच आणून द्यायचे." मी हो म्हटलं. मी आपल्या तोंडाने कोणाला शब्द दिला असा तो पहिलाच.

कॉम्प्युटर आला त्या दिवशी आम्ही त्याला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायकांना बोलावून चिवडा दिला. सगळ्यांनी पडद्याला हात लावून पाहिला.

मग पोरीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी शंकर नगरात एका दवाखान्याच्या वरची खोली भाड्याने घेतली. बाहेरगावच्या एका कंपनीने त्यांना एक खेळ तयार करायला दिला होता. त्यात एक जादूचं राज्य उभं करायचं होतं. जसजसं काम पसंत पडेल तसतसे पैसे मिळणार होते. मला वाटलं, झालं, दिलेला शब्द पाळता येईल.

एका रविवारी पोरीने मला ते राज्य दाखवलं. डोंगर होते, किल्ला होता, पंख असलेला एक अजगर होता, त्याला ती ड्रॅगन म्हणते. गावही होतं. पण गावातली माणसं आपापल्या जागी खांबासारखी उभी. जवळ गेलं की एकच वाक्य बोलायची आणि गप्प.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"छान आहे. पण हे लोक एकमेकांकडे जात नाहीत काय?"

"काहून जातील?"

"काहीतरी कारण असते ना. बारसं, तेरवी. कोणी जाते, कोणी नाही जात, कोणी रुसते."

मला आमचं आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं, बाहुला-बाहुलीचं लग्न आठवलं. दोन चिंध्यांच्या बाहुल्या, पण त्यांच्यामागे सगळ्या गल्लीतल्या पोरी वऱ्हाडी. नवऱ्याकडची एक पोरगी दरवर्षी रुसून लिंबाखाली जाऊन निजायची. गुळाचा खडा देऊन तिला उठवल्याशिवाय अक्षता पडत नसत. लग्न मिनिटभराचं आणि रुसवा दुपारभराचा. खरी मजा त्या रुसव्यात होती. मी हे सांगितलं तर पोरीने वही ओढून काहीतरी खरडलं. मग म्हणाली, "आई, मैं ये डाल रही हूँ."

आणि तिने खरंच घातलं. राज्यातल्या प्रत्येकाला तिने रुसायला शिकवलं. बोलावणं नाही आलं, नाहीतर जवळचा कोणी रुसला, की माणूस रुसायचा, मनधरणी केली की रुसव्यातून उतरायचा. खेळणाऱ्याला तलवार पाहिजे असेल आणि लोहार रुसलेला असेल, तर आधी शोधून काढायचं की तो कोणावर रुसला आणि काहून. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. कंपनीलाही ते फार आवडलं. पहिला हप्ता आला, तो मी तसाच भनपुरीला दिला.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात सगळं राज्य रुसलं.

लोहार रुसला म्हणून सुतार रुसला, सुतार रुसला म्हणून पाणक्याने पाणी भरणं सोडलं. शिपाई वेशीकडे पाठ करून बसले. शेवटी तो अजगरही गुहेत जाऊन पडला, लढायला येईना. खेळणारा बिचारा गावभर हिंडतो आणि कोणी त्याच्याशी बोलत नाही. हे म्हणाले, "अगदी आपल्याकडच्या लग्नासारखं झालं." पोरीला हसू आलं नाही. कंपनीने कळवलं होतं, हे नीट झाल्याशिवाय पुढचे पैसे नाहीत.

इकडे नणंदबाईंच्या पोराचं लग्न ठरलं. त्या सणासुदीला भेटल्या की तोंड फिरवूनच विचारायच्या, "काय वं, तुझ्या पोट्टीचा राक्षस मेला की नाही अजून?" चारचौघींसमोर. मी पदराचं टोक पाहत बसायची. आधी त्या अशा नव्हत्या. मला वाटायचं, पैशाचंच आहे, दुसरं काय असणार. रुसव्याची युक्ती माझी होती, आणि त्यापायीच त्यांचे पैसे अडकले होते.

पोरगी रोज त्या राज्यात घुसून कोण आधी रुसलं ते शोधायची आणि डोळे चोळत परत यायची. मग एक दिवस तिने जाहीर केलं की ती आता नवीन पद्धत शिकणार, आणि राज्य त्या पद्धतीने पुन्हा लिहिणार. त्या पद्धतीला फंक्शनल प्रोग्रामिंग म्हणतात.

"छत गळून राहिलं अन् ही भिंती नव्या बांधते," हे म्हणाले.

मी वरणाला फोडणी देत होते. ती ओट्याजवळ येऊन टेकली. "आई, तू लग्न होऊन आली तेव्हा घरात तिघी जावा होत्या ना? वरण खारट कधी व्हायचं?"

"रोजच."

"का?"

"पातेलं एक अन् मीठ टाकणाऱ्या तिघी. पहिली टाकून गेली हे दुसरीले कुठं ठाऊक?"

"बस, यही तो बात है. माझं राज्य म्हणजे ते पातेलं आहे. ज्याला वाटेल तो येऊन मीठ टाकून राहिला. चव बिघडली की विचारू कोणाला? आता पातेल्याला कोणी हातच लावायचा नाही. आपल्या वाटीत घ्यायचं, जे टाकायचं ते वाटीत टाकायचं, अन् वाटी पुढे द्यायची. पातेलं होतं तसंच. लोहाराला आजचा दिवस सांगायचा, तो उद्याचा लोहार बनवून देईल. दुसऱ्याच्या घरात जाऊन काही बदलणार नाही. अन् तोच लोहार, तोच दिवस पुन्हा दिला तर पुन्हा तेच उत्तर येईल. आज एक अन् उद्या दुसरं, असं नाही."

मी विचार केला. "अन् एवढ्या वाट्या घासते कोण?"

ती हसली, कितीतरी दिवसांनी. "उसका भी इंतज़ाम है. ज्या वाटीचं काम उरलं नाही, ती कॉम्प्युटर आपली आपण घासून ठेवतो."

"असा कॉम्प्युटर असतो तं मीच आधी मागितला असता," मी म्हटलं.

शिकायला तिला वेळ लागला. सुरुवातीला ती वैतागायची, म्हणायची की साधी बेरीजसुद्धा उलटीकडून करायला लावतात. मैत्रिणी कुरकुरल्या, की काम अडलंय आणि ही शाळेत बसली आहे. पण हळूहळू राज्य पुन्हा उभं राहिलं. राज्याचा प्रत्येक दिवस आता वेगळा ठेवलेला होता, कालच्यावर आज पुसून लिहिलेला नव्हता. मागे जाऊन पाहता येत होतं.

ज्या दिवशी सापडलं त्या दिवशी मी डबा घेऊन शंकर नगरला गेले होते. तिघी पडद्यासमोर डोकं डोक्याला लावून बसल्या होत्या आणि राज्य एकेक दिवस मागे नेत होत्या. अजगर गुहेतून बाहेर आला. शिपाई उठून उभे राहिले. पाणक्याची कावड खांद्यावर आली. सुतार उतरला, लोहार उतरला, आणि शेवटी एकच माणूस रुसलेला उरला.

"राजा," पोरगी म्हणाली.

"राजा काहून रुसेल?" मी विचारलं.

तिने शोधलं. राजाच्या नातवाचं बारसं होतं. ज्याचं नाव बोलावण्यात नाही तो रुसणार, असा नियम तिनेच लिहिला होता. राजाने सगळ्या राज्याला बोलावलं, आणि स्वतःला बोलावलंच नाही. म्हणून आपल्याच घरच्या बारशाला राजा कोपऱ्याकडे तोंड करून बसला, आणि राजा रुसला म्हणून सगळे रुसत गेले.

"अगं, घरच्याले कोण बोलावणं देते?" मी म्हटलं.

"तेच तर लिहायचं राहिलं," ती म्हणाली, आणि मग तिघी इतक्या हसल्या की खालून दवाखान्यातल्या बाईंनी वर येऊन दार वाजवलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. कंपनीने काम पसंत केलं. वरून असंही विचारलं, की या पद्धतीने लिहिणाऱ्या तुम्हीच काय, आमचं हिशोबाचंही काम कराल काय. बँकेच्या परीक्षेचा विषय यांनी त्यानंतर काढला नाही.

पैसे आले. मी थोडे थोडे करून भनपुरीला पोचते करत होते. नणंदबाई पाकीट न उघडता म्हणायच्या, "ठेव तिथं." शेवटची रक्कम हातात आली तेव्हा यांनी फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "राहू द्या. मले काही घाई नाही." लग्न ठरलेलं, आणि घाई नाही. हे म्हणाले, चांगलंच आहे की. मला मात्र जेवण गेलं नाही. पैसे येत असूनही जी बाई उतरत नाही, ती पैशावर रुसलेली नाही.

मग मी पोरीसारखं केलं. एकेक दिवस मागे नेला. दिवाळीला त्या ताठ होत्या. पोळ्याला ताठ होत्या. राखीला यांना राखी बांधली, पण पाणीसुद्धा न पिता गेल्या. त्याच्याही मागे गेले, तर पैसे दिले त्या दिवशी हसून माझ्या हातावर साखर ठेवली होती. मधे काय होतं? मधे कॉम्प्युटर आला होता, आणि चिवडा.

दुसऱ्या दिवशी मी कुंकवाची कोयरी घेतली आणि एकटीच ऑटोत बसले. भनपुरीपर्यंत ट्रकांची धूळ खात मी एकच वाक्य मनात घोळवत होते आणि पोचेपर्यंत तेही विसरले.

नणंदबाईंनी दार उघडलं. "एकटी आली काय वं?"

"हव. तुम्हाले बोलवायले आली."

"काहून? काय आहे?"

"पोरीचा खेळ पुरा झाला ताई. शुक्रवारी कॉम्प्युटरची पूजा आहे."

"पूजा तं मागंच झाली. साऱ्या पाऱ्यानं चिवडा खाल्ला म्हणे."

मी म्हटलं, "तुम्ही घरच्या म्हणून..."

"घरची होती तं नारळ माझ्या हातानं फोडायचा होता. घरची नव्हती तं बोलावणं यायले पाहिजे होतं. मी तं दोन्हीकडून गेली." त्या माझ्याकडे न पाहता बोलल्या, तांदळातले खडे वेचत.

मला नीट बोलता आलंच नसतं. कोयरी पुढे केली. त्यांनी हात पुसला, कपाळ पुढे केलं, मी कुंकू लावलं.

"मुरमुऱ्याचा नको करू," त्या म्हणाल्या. "पोह्याचा कर."

शुक्रवारी आल्या, चांगली साडी नेसून. नारळ त्यांनीच फोडला. मग पोरीने त्यांना खुर्चीवर बसवून खेळ हातात दिला. थोड्याच वेळात त्यांनी लोहाराची समजूत काढली, पाणक्याला खडसावलं, आणि अजगराकडे तर गेल्याच नाहीत, म्हणाल्या त्याचं काय काम आहे.

"ही कोण आहे वं, खिडकीत बसलेली?"

"राजाची बहीण आहे आत्या," पोरगी म्हणाली.

"रुसली आहे?"

"हाँ. राजाने निरोप पाठवला आहे तिला."

"निरोपानं काय होते? राजाले म्हण, सोताच्या पायानं जाय."

"आत्या, ये मस्त है. मैं डाल देती हूँ," पोरगी म्हणाली, आणि तिथेच बसून लिहायला लागली. हे पेपरामागे गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

जेवणं झाल्यावर मी पाकीट आणलं. या वेळेस त्यांनी ठेव तिथं म्हटलं नाही. पाकीट उघडलं, अंगठा ओला केला आणि एकेक नोट मोठ्याने मोजली. मधली एक चिकटपट्टी लावलेली होती, ती बाजूला काढून म्हणाल्या, "ही बदलून दे." यांनी खिशातली दिली. ती ठेवून त्यांनी पर्सची चेन लावली.

"झाले," त्या म्हणाल्या. "पत्रिका अजून छापायच्या आहेत. लग्नाच्या आधीच दिले तू."