झाडाआडची टेकडी

माझ्या वहीत उसारे गावच्या दवाखान्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'टेकडी साफ दिसते. मध्ये काही नाही.' खाली माझी सही आणि फेब्रुवारीची तारीख. ते पान मी फाडून टाकणार होतो. मग ठेवलं. आपला मूर्खपणा माणसाच्या हाताशी असलेला बरा.

मी ताटल्या बसवतो. जेवायच्या नव्हेत, इंटरनेटच्या. अबिएरोच्या टेकडीवर मनोरा आहे आणि तिथपर्यंत जमिनीखालून केबल आली आहे. पण टेकडीपासून सरोवराकाठच्या गावांपर्यंत केबल यायची तर आमची नातवंडं म्हातारी होतील. म्हणून दवाखान्याच्या नाहीतर शाळेच्या छपरावर ताटली ठोकायची आणि तिचं तोंड टेकडीकडे करायचं. तिला टेकडी दिसली की इंटरनेट आलं. नाही दिसली की नाही आलं. इतकं सोपं काम आहे, आणि मी ते दोन महिने चुकवत होतो.

फेब्रुवारीत सगळं झकास झालं. नर्स रोझलिडानं त्याच दुपारी एका कोळणीचा सुजलेला हात शहरातल्या डॉक्टरांना पडद्यावर दाखवला. डॉक्टर म्हणाले, कापायला नको, औषधानं उतरेल. खिडकीत निम्मं गाव गोळा झालं होतं. मला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि आख्खा तळलेला मासा मिळाला आणि मी मिशीला पीळ देत घरी आलो.

एप्रिलमध्ये रोझलिडाचा फोन आला. "फुंडी, तुमचं इंटरनेट मेलं."

फुंडी म्हणजे मिस्त्री. मी गेलो. वायर बदलली. दुसऱ्या खेपेला डबा बदलला. तिसऱ्या खेपेला ताटलीच नवी आणली, आणि वर तोंड करून कारखान्याला शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं! छपरावर उभं राहिलं की मला समोर, दोनशे पावलांवर, एक डेरेदार हिरवंगार झाड दिसायचं. फेब्रुवारीत तिथं नुसत्या काटक्या होत्या आणि त्यातून टेकडी दिसत होती. मार्चपासूनच्या मोठ्या पावसानं झाडाला पानं फुटली आणि टेकडी झाकली गेली. हे मला पहिल्याच खेपेला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं, पण वहीतली सही माझी होती.

शेवटी रोझलिडाला विचारलं, "ते झाड कुणाचं हो?"

"कुठलं झाड?" ती म्हणाली आणि कापूस मोजायला लागली. कापूस कुणी मोजतं का? दुकानात विचारलं, तर दुकानदाराला एकाएकी ऐकू येईनासं झालं. गावात शिरल्यापासून त्या झाडाचं नाव कुणी काढलं नव्हतं.

त्या सोमवारी आमच्या कंपनीच्या साहेबांनी बजावलं : शुक्रवारपर्यंत चालू झालं तर ठीक, नाहीतर ताटली उतरवून आण, पुढचं गाव रांगेत आहे. रोझलिडाला मी ते सांगितलं. उसारेत बोलण्यापुरती रेंज मिळते, फोटो जात नाही. कुणाची जखम डॉक्टरांना दाखवायची तर ती दवाखान्याला कुलूप लावून मोटारसायकलवर बसून टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायची. परत येईपर्यंत दारात रांग लागलेली असायची. माझं ऐकून तिनं भिंतीवरची मोटारसायकलची किल्ली काढून खिशात टाकली.

बुधवारी मी करवत घेतली आणि त्या झाडाच्या अंगणात गेलो.

झाड यागोचं होतं. दुधीभोपळ्याएवढी लांब आणि लाकडासारखी जड फळं देठांना लोंबकळत होती. आमच्याकडे यागो अंगणात कुणी ठेवत नाही, अपशकुन मानतात. इथं मात्र त्याच्या सावलीत एक पासष्टीची बाई जुन्या जाळ्यावर ओमेना वाळत घालत होती. बोटाएवढी चांदीच्या रंगाची मासळी ती एका हातानं अशी पसरत होती की एकावर एक एकही पडत नव्हती. गाव तिला ओबुराची आई म्हणतं. अंगानं किडकिडीत, आवाजानं दांडगी, आणि डोक्यावर पांढऱ्या केसांच्या बारीक वेण्या. या वयाच्या बाईला इतके लांब केस मी आमच्या भागात पाहिले नव्हते.

"आई, नमस्कार. मी दवाखान्यातला फुंडी."

"ठाऊक आहे. तीनदा छपरावर चढलास नि तीनदा तोंड पाडून उतरलास." तिचं लक्ष करवतीकडे होतं. "ती बाजूला ठेव. आंबील पितोस?"

"नको."

"मग करवत घे नि चालता हो."

"आणि प्यायलो तर?"

"तर पिऊन चालता हो."

मी आंबील प्यायलो. ज्वारीची होती, छान आंबलेली. वाडगा खाली ठेवल्यावर जीभ रेटून म्हणालो, "आई, झाड आडवं येतंय. दवाखान्याचं काम अडलंय."

"हात लावून बघ," ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही, म्हणून मी जास्तच घाबरलो.

कुंपणाबाहेर तिचा दीर माझी वाटच बघत होता. म्हातारे न्यांगवेसो, उसारेच्या भावकीतले सगळ्यात वडील. "हाकललं ना?" ते म्हणाले. "तुला आंबील तरी मिळाली. मी सख्खा दीर, मला पाणीही देत नाही."

"पण झाड आहे कुणाचं?"

"ओबुराचं. म्हणजे, ओबुराच म्हण." म्हातारे जमिनीवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

एकोणीस वर्षांपूर्वी ओबुरा दोन सोबत्यांबरोबर होडी घेऊन पलीकडच्या काठाला गेला. बावीस वर्षांचा, आईला एकुलता एक. तेव्हा गावात दुकानदाराचा एकच फोन होता, आणि त्यालाही दुकानामागच्या एका दगडावरच रेंज यायची. जाताना ओबुरा म्हणाला, पोचलो की दुकानाच्या फोनवर कळवतो. संध्याकाळी सरोवर खवळलं. उलटी झालेली होडी तिसऱ्या दिवशी सापडली, माणसं सापडली नाहीत. आई त्या दगडावर फोन मांडीत घेऊन अकरा दिवस बसली. बॅटरी संपली की दुकानदार भरून आणायचा आणि पुन्हा तिच्या हातात द्यायचा. बाराव्या दिवशी तिनं फोन परत केला, आणि त्यानंतर फोन नावाच्या वस्तूला हात लावला नाही.

"वर्षभर थांबलो," न्यांगवेसो म्हणाले. "प्रेत नाही सापडलं तर आपल्यात काय करतात तुला ठाऊक आहे. यागोचं फळ आणलं, त्याला ओबुरा म्हटलं, रीतीनं अंगणात पुरलं. घरच्या बायाबाप्यांनी डोकी भादरली. ही तेवढी बसली नाही. म्हणाली, फळासाठी मी केस देणार नाही. माझा पोरगा आणा, मग केस काय, मान देते."

"मग?"

"मग काय! पुढच्या पावसात फळ उगवलं. अंगणात यागो! आम्ही चौघे भाऊ कोयते घेऊन गेलो. ही त्या कोंबावर ठाण मांडून बसली. म्हणाली, तुम्हीच म्हणालात हा ओबुरा. आता ओबुराला कापायला आलात? एक काय ते ठरवा." म्हातारे हसले आणि मग त्यांनी डोळे पुसले. "आम्हाला ठरवता आलं नाही, बघ. तुला येतंय का?"

मला कुठलं येतंय? मी खांब उंच करायचा हिशेब करून पाहिला. नऊ मीटर कमी पडत होते आणि दवाखान्याच्या छपराचे वासे वाळवीनं खाल्लेले. नव्या मनोऱ्याचं नाव काढलं तर साहेब पुढच्या वर्षाच्या गोष्टी करणार. कुठूनही आकडा मांडला तरी उत्तर त्या झाडापाशीच यायचं.

गुरुवारी दुपारी मी पुन्हा गेलो, करवतीशिवाय. ताटली उद्या काढून नेणार हे निदान तिला सांगावं आणि चूक माझी होती हेही सांगावं, एवढंच मनात होतं. बाईच्या नावानं गावात बोलणं व्हायला नको.

"चूक माझी आहे, आई," मी म्हणालो. "मी उन्हाळ्यात बघून गेलो. पानं येणार हे डोक्यातच आलं नाही."

"झाडाला पानं येणार हे डोक्यात आलं नाही?"

"नाही."

"शिकलेला आहेस का?"

"आहे."

"तरीच." ती ओमेना उलटत होती. मग थांबून तिनं दवाखान्याच्या छपराकडे पाहिलं. "ती तुझी ताटली आता बंद आहे?"

"बंद कशी असेल? सौर पट्टी आहे ना. चालू आहे."

"चालू आहे तर दिवसभर करते काय?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. "हाक मारते," मी म्हणालो. "टेकडीला हाक मारते, उत्तराची वाट बघते. नाही आलं की परत हाक मारते."

"किती वेळा?"

"सारखी. थांबतच नाही."

"रात्रीसुद्धा?"

"बॅटरी आहे, आई. रात्रीसुद्धा."

"आणि टेकडी?"

"टेकडीही उत्तर देत असेल. पानांतून इकडे पोचत नाही."

 कोंबडी जाळ्यावर चढून ओमेना टिपायला लागली, तरी तिनं हाकललं नाही. मी उठून कोंबडी हाकलली.

"दोन महिने झाले?" तिनं विचारलं.

"झाले."

"अरे, मग कुणीतरी त्या ताटलीला काय ते सांगायला नको का?" ती म्हणाली, आणि मला वाटलं ती माझ्यावर रागावली आहे. पण ती माझ्याकडे बघत नव्हती.  तिनं ओल्या हातांनी वेण्या मागे सारल्या आणि विचारलं, "सगळं झाड पाडावं लागेल?"

"छे! वरच्या दोन फांद्या. टेकडीपुरती खिडकी केली की झालं."

"मग काल पूर्ण झाड पाडायची करवत कशाला आणलीस?"

"करवत तेवढीच आहे माझ्याकडे."

"उद्या सकाळी ये. उन्हं वर यायच्या आत. नि त्या न्यांगवेसोला सांग, बायकोला नवं पातं घेऊन पाठव."

पात्याचं मला कळलं नाही. मी निरोप सांगितला तेव्हा म्हातारे उभ्याचे खाली बसले.

शुक्रवारी अंगणात चाळीसेक माणसं होती. ओबुराची आई बुटक्या स्टुलावर बसली होती. जावेनं तिच्या वेण्या एकेक करून सोडल्या, पाणी लावलं आणि पातं चालवायला घेतलं. पांढरे केस मांडीवर, मातीवर पडत होते. झाडावर चढायला गावातला एकही बाप्या तयार होईना. मीच चढलो. अर्ध्यावर खोडाला मिठी मारून थांबलो, खोटं कशाला बोलू? खालून न्यांगवेसोंनी झाडाला हात टेकवून सांगितलं, "ओबुरा, पोरा, हा फुंडी आपल्यातलाच आहे. त्याला पाडू नकोस. पाडायचंच असेल तर हळू पाड."

पहिली फांदी पडली तेव्हा बायका कळवळल्या. दुसरी जाड होती, अर्धा तास गेला. ती खाली आली आणि पानांत एक भगदाड पडलं. त्यातून अबिएरोची टेकडी दिसली, मनोऱ्यासकट. तेवढ्यात दवाखान्याच्या ओट्यावरून रोझलिडा गळा फाडून ओरडली, "आलं! फुंडी, आलं!"

कुणी हसलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ओबुराची आई उठून झाडाखाली आली. भादरलेलं डोकं केवढंसं दिसत होतं, लहान मुलीचं असावं तसं.

"तिला उत्तर आलं का रे?" तिनं वर बघून विचारलं.

"आलं, आई."

तिनं मान हलवली. मग पाठ फिरवून सरोवराकडे तोंड केलं आणि एकच हाक मारली, "ओबुरा!" आम्ही सगळे थांबलो. सरोवराकडून नेहमीचा वारा आला, दुसरं काही आलं नाही. ती पडलेल्या पानांत बसली आणि तिनं हंबरडा फोडला. मग बायकांनीही आवाज लावला, मयताघरी लावतात तसा, एकोणीस वर्षांनी. मी फांदीवरच बसून राहिलो आणि मलाही रडू आवरलं नाही.

यागोची फांदी छाटली की पुन्हा फुटते. म्हणून निघण्याआधी मी वही काढली, जुनी ओळ खोडली आणि खाली लिहिलं : 'टेकडी दिसते. मध्ये ओबुरा आहे. दर वर्षी मार्चमध्ये येऊन त्याच्या आईला विचारणे.'