‘उपाशी’ जहाजावरचा दुभाषा

२०११च्या जानेवारीत, एका शुक्रवारी दुपारी, मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका फ्लॅटमध्ये, एका बाईने मला आदल्या महिन्यात विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी खेळात वापरली. पुढच्या महिन्यात ती गोष्ट बाहेर गेल्याचं तिला कळलं. तेव्हा ती तिच्या सख्ख्या भावाने फोडली, असं मी त्या भावाला पटवून दिलं. त्याने ती फोडलेली नव्हती.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. इथे नावं बदलली आहेत, बाकी काही नाही.

तेव्हा मी मस्कतमधल्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी दुपारी आम्ही चौघं केदारच्या घरी जमत असू – केदार विमा कंपनीत, त्याची बायको अनुजा शाळेत शिक्षिका, मिलिंद तेल प्रकल्पावर इंजिनियर आणि मी. आम्ही टेबलावर बसून एक काल्पनिक खेळ खेळायचो. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी पात्रं व्हायचं, आणि अडेल तिथे फासे टाकून काय घडलं ते ठरवायचं. गोष्ट मी चालवत होतो. समुद्र माझा, बेटं माझी आणि त्यांच्या वाटेत येणारे सगळे चाचेही माझे.

जहाजं बनवण्याचा मला नाद होता. आलेखाच्या कागदावर नाळेपासून सुकाणूपर्यंत आखून काढायचो – डोलकाठ्या किती, तोफा कुठे, गोड्या पाण्याची पिंपं कुठे. प्रत्येक जहाजाला एक उणीव द्यायची, हा माझा नियम. एका जहाजाला नांगरच नव्हता. खलाशांनी तो विकून खाल्ला होता, त्यामुळे ते कुठेच थांबू शकत नसे. ‘उपाशी’ नावाच्या जहाजाचं पोट भरतच नसे; कितीही माल, कितीही कैदी कोंबले तरी तळघर रिकामंच दिसायचं. मिलिंद खेडकडचा, खाडीकाठचा. तो माझे शब्द दुरुस्त करायचा. “अरे, हा जहाजावरचा तांडेल असला काय बोलेल? हा तर तहसीलदार वाटतो,” म्हणायचा.

माणसं बनवतानाही एक नियम होता. प्रत्येक चाच्याला एक सवय, आणि ती खऱ्या माणसाकडून उचललेली. आमच्या मुख्य उपसंपादकाची पान हातात आल्यावर शाई हुंगायची लकब मी एका कप्तानाला दिली होती. मस्कतच्या रुवी भागातल्या न्हाव्याचं हसू एका मारेकऱ्याला. कोणाचं काय बिघडत होतं? मी तेव्हा असंच म्हणायचो.

तरी माझ्या चाच्यांना कोणी भीत नसे. हे मला लागायचं. अनुजा एकदा म्हणाली, “तुझे चाचे ना, आमच्या शाळेच्या अकाउंट्स सेक्शनमधले वाटतात. ‘उद्या या, साहेब नाहीत’ असं म्हणणारे.” सगळे हसले. मीही.

२०१०च्या ऑक्टोबरात मिलिंदच्या मेहुण्याचं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं, मालवाहू जहाज खऱ्या चाच्यांनी धरलं. मेहुणा त्यावर सेकंड इंजिनियर. अशा बातम्या त्या काळात आमच्या डेस्कवर सतत येत. जहाजाचं नाव, कोणत्या देशाचे किती खलाशी, शेवटचं ठिकाण. त्या बातमीचा मथळा मीच दिला होता. मेहुणा त्यात आहे, हे मला नंतर कळलं.

मी खेळ बंद करू म्हणालो. निदान चाचे तरी काढून टाकू. मिलिंदच नको म्हणाला. “तुझे चाचे कागदाचे आहेत रे. शुक्रवारी पण घरात फोनकडे बघत बसलो तर वेडा होईन मी.” म्हणजे खेळ चालू ठेवला, हा माझा गुन्हा नाही. तो पुढे आहे.

मिलिंदची थोरली बहीण, मित्राताई, डिसेंबरात व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे सीबला आली. सासरी राहवेना; रोज कोणीतरी दारात येऊन “काय कळलं का?” विचारायचं. शिवाय चाच्यांकडून सुटलेली जहाजं बरेचदा ओमानच्याच सलाला बंदराला लागत. इथून ते त्यातल्या त्यात जवळ होतं.

आल्यावर थोड्या दिवसांत मिलिंदने मला घरी बोलावलं. कंपनीने कुटुंबांना वर्तमानपत्रांशी बोलू नका म्हणून बजावलं होतं, आणि मुंबईहून एक वार्ताहर तिला फोन करत होता. बोलावं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी सांगितलं – बोलू नका. हा सल्ला बरोबर होता. आजही मी तोच देईन.

मग चहा झाला आणि ताई आपणहून बोलू लागली. बोलता बोलता तिची नजर माझ्या खिशातल्या पेनाकडे गेली. मी पेन काढून टीपॉयवर ठेवलं. म्हणालो, “ताई, हे माझ्यापाशीच राहील.” मिलिंद शेजारी बसला होता.

तिने सांगितलं ते असं. जहाजावरून फोन यायचा. हिंदी बोलणारा एक माणूस असायचा, आवाज मऊ. तो तिला भाभी म्हणायचा. जेवण झालं का, विचारायचा. मीही बालबच्चेवाला आहे, म्हणायचा. आणि नवऱ्याला फोन देण्याआधी तिला दहापर्यंत मोजायला लावायचा. आवाज हलला तर पुन्हा एकपासून. रडणाऱ्या बाईशी बोलून तुमचा माणूस खचतो, असं तो समजावून सांगायचा. एकदा तिला ते जमलंच नाही आणि फोन कट झाला. पुढचा फोन येईपर्यंत तिने स्वयंपाकघरात उभं राहून सराव केला होता.

हे सासरी माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. “याला सांगितलं आणि आज तुम्हाला, भाऊ,” ती म्हणाली. याला म्हणजे मिलिंदला.

मी शब्द पाळला. वर्तमानपत्रात यातलं एक अक्षर आलं नाही. संपादकाने विचारलं, ओमानमध्ये कोणाचे नातेवाईक आहेत का? मी नाही म्हणालो. याचा मला अभिमान वाटला होता. बातमीदाराचा शब्द म्हणजे छापणार नाही एवढाच – नाही का? अशी पळवाट मी तेव्हाच काढून ठेवली असेन का? मला ठरवता येत नाही.

जानेवारीत मिलिंदला प्रकल्पाच्या शटडाउनसाठी दोन-तीन शुक्रवार साइटवर राहावं लागलं. त्यातल्या पहिल्याच शुक्रवारी मी ‘उपाशी’ जहाजावर एक दुभाषा आणला. केदार-अनुजाच्या पात्रांचा वाटाड्या जहाजाच्या तळघरात कैद होता. त्याच्याशी बोलायचं तर दुभाष्यामार्फत. मी आवाज मऊ केला. म्हणालो, “भाभी, खाना हो गया?”

अनुजा हसली. मी हसलो नाही. म्हणालो, “पहले दस तक गिनिए. आवाज काँपी तो फिर एक से.”

ती मोजू लागली. मी प्रत्येक आकड्यानंतर थोडा थांबायचो, ऐकतोय असं दाखवायला. सातवर तिचा आवाज हलला. मी म्हणालो, “फिर से, भाभी.” केदारने हातातले फासे खाली ठेवले. दुसऱ्यांदाही तिला जमलं नाही, आणि मी फोन ठेवल्यासारखी मान वळवली.

“बापरे,” केदार म्हणाला. “हा कुठून आणलास?”

मी म्हणालो, “सुचला.”

खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझा चाचा चाचा वाटला होता. घरी जाताना गाडीत मी तो आवाज पुन्हा काढून पाहिला. त्या वेळी मित्राताई मला आठवली नाही, असं लिहिता आलं असतं. पण आठवली होती.

पुढच्या शुक्रवारी दुभाषा पुन्हा आला. भीती ओसरली की थट्टा होते, तशी झाली. अनुजाला फासे हवे असले की केदार म्हणे, “पहले दस तक गिनिए.” मिलिंद साइटवरून परतायच्या आत मी ‘उपाशी’ वादळात बुडवलं. म्हणजे मला कळत होतं. केदारने विचारलं, एवढं चांगलं पात्र का मारलंस? मी म्हणालो, खलास, कंटाळा आला.

फेब्रुवारीत आमच्या मराठी मंडळाची सहल मस्कतजवळच्या बरका गावातल्या एका शेतावर होती. मिलिंद ताईला आग्रह करकरून घेऊन आला. दुपारी मिसळीसाठी रांग होती. केदार वाढत होता. अनुजा ताटली घेऊन समोर आली, “यल्ला, आटप, भूक लागलीय,” म्हणाली. केदारने पळी वर धरली आणि आवाज मऊ केला.

“भाभी, पहले दस तक गिनिए. आवाज काँपी तो फिर एक से.”

रांगेतले लोक हसले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. केदारलाही नव्हतं, त्याच्या लेखी तो माझ्या खेळातला विनोद होता. अनुजाच्या मागे मित्राताई उभी होती. तिने आपली ताटली टेबलावर ठेवली, पाव पडणार नाही अशी, सावकाश. मग ती गाडीकडे चालत गेली. मिलिंद तिच्या मागे गेला. मी रांगेतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिलिंद माझ्या ऑफिसखाली आला. गाडीतून उतरला नाही. मीच आत बसलो. ताई कालपासून जेवली नव्हती. “हे दोघांनाच माहीत होतं,” तो म्हणाला. “तुला आणि मला. मी कुठे बोललो नाही. तू बोललास का? मी चिडणार नाही, फक्त सांग.”

मला वेळ होता. कोणी घाई करत नव्हतं. तो चिडणार नाही म्हणत होता, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

मी म्हणालो, “मिलिंद, त्या गुरुवारी संध्याकाळी केदारकडे तू फार प्यायला होतास. आठवतं?”

तशी एक संध्याकाळ खरोखर झाली होती. डिसेंबरात, एका वाईट फोननंतर. तो सोफ्यावर रडला होता, मग झोपला होता. मीच त्याला घरी सोडलं होतं. त्याला त्यातलं काही आठवत नव्हतं, हे त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच मला सांगितलं होतं. त्या संध्याकाळी तो मोजण्याबद्दल एक शब्दही बोलला नव्हता.

“मी बोललो?”

“तू स्वतःवरच चिडला होतास. केदार-अनुजाला सगळं सांगितलंस. मी तुला थांबवायचा प्रयत्न केला.”

हे शेवटचं वाक्य कशाला जोडलं? त्याची गरजही नव्हती. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मजकुरातली जास्तीची वाक्यं काढत आलो, आणि इथे एक घातलं – स्वतःला बरं दाखवणारं.

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस.”

त्याच संध्याकाळी मी केदारला फोन केला. चाच्यांवरच्या विनोदाने त्या दोघांना त्रास झाला, तेव्हा मिलिंदशी तो विषय काढू नकोस, असं सांगितलं. केदारला फार वाईट वाटलं. त्याने विषय काढला नाही. ते दोघं समोरासमोर बोलले असते तर माझं खोटं तिथेच संपलं असतं, म्हणून हा फोन. याला घाबरून केलेली चूक म्हणता येणार नाही.

मिलिंदने बहिणीला सांगितलं की दारूच्या नशेत आपणच बोललो. खेळाचं नाव त्याने काढलं नाही; खेळात तो दुभाषा आला होता, हे त्याला माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात ती भारतात परत गेली. जाण्याआधी तिने मला फोन केला होता. मला वाटलं, तिला कळलं. तिने एवढंच म्हटलं, “भाऊ, तुम्ही पेपरवाले असून गप्प राहिलात. माझ्या भावाला नाही जमलं.” मी म्हणालो, “ताई, काळजी घ्या.”

त्यानंतर जहाजावरचे फोन सासरी, तिच्या मोबाइलवर येत राहिले. शेजारी कोण असायचं, मला माहीत नाही. मिलिंद नसायचा. तिने त्याचे फोन घेणं बंद केलं होतं. तो दर रविवारी लावायचा. शुक्रवारी खेळायला तो पुन्हा आला नाही. थोड्या दिवसांत खेळही बंद पडला.

जहाज त्या वर्षाच्या अखेरीस सुटलं आणि सलालाला लागलं. वृत्तसंस्थेची बातमी माझ्याच हातातून गेली. मिलिंद मस्कतहून गाडी चालवत सलालाला गेला. मेहुणा त्याला बंदराच्या फाटकाबाहेर भेटला, हात मिळवला, आणि बाकीच्या खलाशांबरोबर कंपनीच्या बसमध्ये बसला. हे मला मिलिंदने सांगितलं. मी ऐकून घेतलं. तेव्हाही सांगता आलं असतं.

२०१६मध्ये प्रकल्पावरच्या नोकऱ्या कमी झाल्या तेव्हा मिलिंदने ओमान सोडलं. त्याने माझ्याशी संबंध तोडले नाहीत. उलट, त्या दिवसांत तूच खरं बोललास, असं तो मला दोनदा म्हणाला आहे. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

२०१८च्या मे महिन्यात त्याचं लग्न चिपळूणला झालं. मी गेलो होतो. मेहुणा एकटाच आला. मिलिंदच्या आईने त्याला विचारलं, मित्रा कुठे? तिला बरं नाही, असं तो म्हणाला. लग्नातली बुद्धवंदना झाल्यावर तो जेवला, आणि दुपारच्या एसटीने परत गेला.