गोराईचं दुपारचं नेट

"नेट पुन्हा गेलं रे," हरेशदादांचा फोन आला आणि माझा चहा हातातच राहिला.

हरेशदादा गोराई गावात राहतात. पत्ता मुंबईचा, पण बोरिवलीहून खाडी ओलांडून जावं लागतं आणि पलीकडे इंटरनेटच्या कंपन्या दोनच. जुन्या कंपनीचं नेट रोज दुपारी जायचं, म्हणून ते आमच्या कंपनीकडे आले. केबल मीच ओढून दिली. आता आमचंही रोज दुपारीच जायला लागलं.

आमचे सुपरवायझर सावंतसाहेब मालवणकडचे. हिंगोलीहून आलेल्या नववी नापास पोराला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा यांनी माझ्या हातात टूलकिट दिली. म्हणून त्यांचा आवाज चढला की मी आधी टूलकिट उचलतो.

"मेल्या, हा गिऱ्हाईक परत जुन्या कंपनीकडे गेला तर तुला पण गावच्या गाडीत बसवीन."

"साहेब, केबल ठीक आहे. चेक केली."

"मग नेट काय दुपारचा झोपता?"

अडचण अशी, की बाकीचे कॉल आटपून, बोट पकडून मी पोचेपर्यंत ऊन उतरलेलं असायचं आणि नेट सुरू. मी राउटर बदलला. जोड पुन्हा केला. बॉक्सला ऊन लागत असेल म्हणून वर पुठ्ठा बांधला. शेवटी देवाला नारळ बोललो.

मग एकदा तक्रारीची वाट न बघता भर दुपारीच गेलो. सावंतसाहेबही आले. बहुतेक मला तिथल्या तिथे काढून टाकायला.

खांबापासून भिंतीपर्यंत माझी केबल दिसतच नव्हती. तिच्यावर बोंबील होते. जबड्यात जबडा अडकवून दोन-दोनच्या जोड्या, ओल्या, टपटप गळणाऱ्या. शेजारची जुन्या कंपनीची केबलही तशीच भरलेली.

फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. तिच्यातून उजेड पळतो, तेच तुमचं नेट. काच जास्त वाकली की उजेड वाटेतच सांडतो. बोंबलांच्या ओझ्याने केबल भिंतीच्या हुकापाशी पार मोडल्यासारखी वाकली होती.

हरेशदादांची आई टोपली घेऊन उभी होती.

"आजी, हे काय?"

"बोंबील. तुझ्या गावात नाय का?"

"पण वायरवर?"

"वलांडी भरली ना." त्यांनी मागे बोट दाखवलं. मासे सुकवायची बांबूंची चौकट खरंच गच्च होती. "पयली वायर कमी पडत होती. बरा झाला, तू दुसरी बांधलीस. हरेशला बोलले पण, पोरगा गुणाचा हाय."

"आवशीचो घो!" म्हणत सावंतसाहेब पायरीवर बसले आणि पोट धरून हसत सुटले.

मांजरांच्या भीतीने आजी ऊन उतरलं की बोंबील आत न्यायच्या. नेट तेव्हाच जागं व्हायचं.

आमची केबल मी उचलून छपराच्या वरून नेली. आजींचा चेहरा पडला. मग जुन्या कंपनीची बंद केबल ताणून, खांबाला पक्की बांधून त्यांना दिली. त्यानंतर दुपारचं नेट गेलं नाही, आणि मीही गावी गेलो नाही. वर पिशवीभर सुके बोंबील मिळाले.

हरेशदादांना परत बोलवायला जुन्या कंपनीचा फोन आला, तो आजींनीच घेतला. "नेटचा मला काय ठाऊक नाय," त्या म्हणाल्या, "पण तुमची वायर लय मजबूत. नेऊ नका."

हल्ली नवीन जोडणीला गेलो की स्पीड किती हवा, हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमच्याकडे वाळत काय काय घालतात?