कोरसमधलं नाव

घशाच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज गेला तो गेलाच. आता ती कुजबुजल्यासारखं बोलते. तरुणपणी ती भीमगीतं गाणाऱ्या पार्टीत कोरसला होती. त्यांची एक कॅसेटही निघाली होती. घरातली कॅसेट कधीच खराब झाली, पण ती गाणी मला एका फुकट साईटवर सापडली. रोज सकाळी भाकऱ्या थापताना आई ती माझ्या मोबाईलवर ऐकायची. कोरस आला की तिचे ओठ हलायचे.

मागच्या वर्षी एका सकाळी गाण्यांच्या जागी नुसती सूचना आली : न्यायालयाच्या आदेशानं ही साईट बंद केली आहे. मी उचगावच्या आमच्या इंटरनेटवाल्याला फोन लावला.

"आमी काय करणार ताई? कुठल्या तरी म्युझिक कंपनीनं केस घातलीया. कोर्टानं सांगितलं, सगळ्यांनीच बंद केली."

"अहो, माझ्या आईची गाणी हायत त्यात!"

"मग ज्यानं कॅसेट काढली त्याच्याकडं असतील की. त्याला इचारा."

आधी राग आला, मग लाज वाटली. गाणी लिहून, चाली लावून ती कॅसेट काढणारे मास्तर जयसिंगपूरला राहतात, हे आईनं कितीदा सांगितलं होतं. मी कधी गेलेच नव्हते.

रविवारी आईला घेऊन एसटीनं गेले. मास्तर दारातच तिच्याकडं बघत राहिले.

"तू व्हय गं! किती वर्सांनी!"

साईटचं सांगितल्यावर म्हणाले, "मला कुणी इचारलं न्हाय. माझं नाव तरी होतं का तिथं?"

नव्हतं.

त्यांनी कपाटातून जपून ठेवलेली कॅसेट काढली. कव्हरवर कोरसमधल्या सगळ्या बायकांची नावं छापलेली. आईनं आपल्या नावावर बोट ठेवून मला दाखवलं. मास्तरांनी टेप लावला. साईटवर सगळी खरखर असायची. इथं सहा बायकांतून आईचा आवाज मला पहिल्यांदाच वेगळा ओळखता आला. ती साईट चालू राहिली असती तर मी या दारात आले नसते, हे मी विसरणार नाही.

मास्तरांच्या सुनेनं सगळी गाणी मला पेनड्राइव्हवर घालून दिली. मास्तर म्हणाले, "शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं मात्र ऱ्हायलं. रेकॉर्डिंगला टेप संपली आन् वही पुरात गेली. आता मलाबी आठवंना."

आईनं खुणेनं कागद मागितला आणि चारही ओळी लिहून दिल्या.

मास्तरांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला, चष्मा लावला आणि हळूहळू गायला लागले. चाल चुकली की आई त्यांना हातानं थांबवायची, मांडीवर ताल धरायची, आणि मास्तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.