बाबांच्या मेंदूचे दोन कागद

नांदुऱ्याच्या बाजारात बैलबंडी सोडून बाबा पायीच घरी आले, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. बैलांना रस्ता ठाऊक होता, ते मागून आले. पण असं तिसऱ्यांदा झालं आणि गावच्या डॉक्टरांनी आम्हाला नागपूरला धाडलं. बाबांना काळजी एकच. माझ्या धाकट्या बहिणीची सोयरीक जमली होती, लग्न मात्र तिचं शिक्षण झाल्यावर, म्हणजे दोन वर्षांनी. "पोरीचा हात कोनाच्या हातात देतो, एवढं मले समजलं पायजे," ते म्हणत.

नागपुरात डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढत. शहरात जायचं म्हणून मी, घरातल्या थोरल्या शहाण्यानं, बाबांच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलेलं. यंत्रावरचा माणूस बघतच राहिला. "अहो, तारा चिकटवायच्यात, तळायच्या नाहीत!"

मग नळाखाली साबण लावून बाबांचं डोकं धुतलं.

"लहानपनी न्हायले भेऊन पळून जाये तू, आता मलेच धरून राह्यला बे!" बाबा ओरडले. एवढं आठवतं म्हणजे सगळं ठीकच, असं मला वाटून गेलं.

बाबांच्या मिटल्या डोळ्यांसमोर दिवा लुकलुकला. त्या ठेक्याला मेंदू कशी साथ देतो, ते यंत्राच्या लेखण्या कागदावर उतरवत होत्या. तिथले डॉक्टर म्हणाले, "एका कागदावरून काय सांगू? सहा महिन्यांनी या."

सहा महिन्यांनी, कोरड्या डोक्यानं, गेलो. डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी पसरले. "लाटा मंदावल्यात. दिव्याला साथही कमी. यंत्र भविष्य सांगत नाही, हा माझा अंदाज. जे यांना समजत असताना व्हायला हवं, ते याच वर्षी उरका."

मी घरी येऊन लग्न आताच केलं तर शिक्षणाचं काय, असं रडगाणं लावलं. धाकटी म्हणाली, "नवरदेव काय पुस्तकं खाते काय, दादा? लग्नानंतर शिकीन!"

उन्हाळ्यात लग्न लागलं. कन्यादानाला बाबांनी तिचा हात जावयाच्या हातात दिला, पण सोडेनात. "हे माही लहानी. राग आला का जेवत नाही. दोनदा इचारजो." भटजी मंत्र थांबवून उभे.

पुढच्या दिवाळीला ती माहेरी आली, तर बाबा म्हणाले, "कोनाची वो तू, बाई?"

"तुमचीच," म्हणत तिनं ताट वाढलं, आणि मग चुलीपाशी जाऊन रडली.

डॉक्टरांचा अंदाज चुकावा म्हणून मी नवस बोललो होतो. पण अंदाज खरा ठरला. तरी नागपूरकडे तोंड करून त्यांना मनातल्या मनात आजही हात जोडतो.